ब्रिवालसाहेबांचा पोवाडा

मोगरा मराठी मंडळात प्रमुख पाहुण्यांची ओळख कधी बोलून करून देत नसत. बाकीच्या मंडळांत कुणीतरी उठतं, चष्मा चढवतं, "ह्यांना ओळखीची गरज नाही" असं म्हणतं आणि मग जेवण निवेपर्यंत ओळख करून देत बसतं. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मोगऱ्यात ओळख गायची. डफावर थाप पडायची, मागच्या रांगेतून "जी जी रं जी" उठायचं, आणि पाहुणा कोण, कुठला, त्यानं जन्माला येऊन काय दिवे लावले, ते चार कडव्यांत सगळ्या हॉलला कळायचं.

हा मान आसावरीचा. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागं मिशिगनच्या बर्फात उतरली तेव्हा तिच्या सामानात लोणच्याच्या बरणीखाली डफ होता. कस्टमच्या माणसानं तो उलटापालटा करून पाहिला आणि ही चाळणी आहे असं समजून सोडून दिला. तेव्हापासून ह्या चाळणीतून बरेच पाहुणे गाळून निघाले होते. फायर ब्रिगेडचे चीफ झाले, गावच्या लायब्ररीतल्या बाई झाल्या. दिवाळीचा स्पॉन्सर डेंटिस्ट उल्हास याच्यावर तर तिनं असा पोवाडा रचला होता की लोक अजून त्याच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे पडून तो गुणगुणत:

किडीची फौज चालुनी आली दाढेच्या गडावरी जी
उल्हासराव धावुनी गेले, ड्रिल घेउनी करी जी

आसावरीचे वडील कोपरगावकडचे, जिल्हा परिषदेच्या कलापथकात शाहीर. राजेरजवाडे त्यांच्या वाट्याला आले नाहीत. सरकार सांगेल त्याचा पोवाडा करायचा, म्हणजे विहिरींचा, अल्पबचतीचा, नसबंदीच्या शिबिराचा. पण त्यातही त्यांची एक सचोटी होती. ते म्हणायचे, "पोरी, शाहिरानं एकाचे दहा करावेत. शून्याचे दहा करू नयेत. विहिरीला पाणी ओंजळभर लागलं असलं तर गंगा अवतरली म्हणावं. पण विहीरच खणली नसली तर डफ खाली ठेवावा." एका कोरड्या विहिरीपायी त्यांनी खरंच डफ खाली ठेवला होता आणि उरलेली नोकरी कचेरीत टपालावर शिक्के मारत काढली होती.

आसावरीला नोकरीच नव्हती. नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या बायकोनं इथं काम करायचं नसतं. नवरा शशिकांत गाड्यांच्या दरवाजांच्या कड्या डिझाइन करायचा. दार बिनआवाज उघडावं आणि घट्ट लागावं, एवढंच त्याचं ध्येय. ग्रीन कार्डाची फाइल शेवटच्या पायरीवर येऊन बसली होती. ते कार्ड आलं की कोपऱ्यावरच्या बालवाडीत आसावरीनं मुलांना गोष्टी सांगायला जायचं, हे ठरलं होतं. तिथल्या बाई दर दोन-तीन महिन्यांनी विचारायच्या, "आलं का?" आणि आसावरी म्हणायची, "येईलच." नऊ वर्षं घरात बसून भिंतींना गोष्टी सांगितलेल्या बाईला पोरांचे चार चेहरे समोर हवे होते, बाकी काही नको होतं.

आणि नेमकी तेव्हाच शशिकांतची कंपनी एका फ्रेंच कंपनीनं विकत घेतली. डेट्रॉइटकडं तेव्हा रोज कुठं ना कुठं माणसं कमी होत होती. आज ह्या गल्लीत 'घर विकणे आहे'ची पाटी, उद्या त्या. नवा साहेब लुसियाँ नावाचा, गोरापान, नम्र, आणि कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं हे ठरवायलाच आलेला. शशिकांतला घरी बसवलं असतं तर फाइल बंद, व्हिसा बंद आणि चंबूगबाळं आवरून परत.

तर एप्रिलच्या शेवटी हा लुसियाँ शशिकांतच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तुमच्या लोकांचा पुढच्या शनिवारी काहीतरी सोहळा आहे ना? माझे एक स्नेही फ्रान्सहून आलेत. मोठे नेते आहेत. त्यांचं इथं एक भाषण होतं, ते काही कारणानं रद्द झालं. त्यांना तुमच्याकडं यायला आवडेल."

शशिकांतनं नेत्याचं नाव विचारलं नाही. पक्ष विचारला नाही. भाषण कशानं रद्द झालं तेही विचारलं नाही. साहेबाच्या तोंडून 'आवडेल' आलं, त्याच्या तोंडून 'ऑनर' गेलं.

मंडळाची कमिटी मनोहरकाकांच्या हिरवळीवर भरली. मनोहरकाका मंडळाचे अध्यक्ष, पस्तीस वर्षं अमेरिकेत, रिटायर्ड. हातात पिचकारी घेऊन ते पिवळ्या डँडेलियनच्या तणावर औषध मारत होते. "कुठून येतात कोण जाणे. एक आला की मागनं सगळं खानदान. बोल शशिकांत."

शशिकांतनं सांगितलं. सेक्रेटरी देवदत्तनं, जो पुण्याचा होता आणि पुण्याचा आहे हे विसरू देत नसे, लॅपटॉप उघडून वाचलं, "गास्ताँ ब्रिवाल. माजी महापौर, माजी खासदार. पक्षाचं नाव... 'आपलं घर'. वा! तीस वर्षं मातृभूमीसाठी लढतोय. भूमिपुत्रांच्या हक्कांसाठी."

"महाराष्ट्र दिनाला भूमिपुत्रांचा नेता!" मनोहरकाकांनी पिचकारी खाली ठेवली. "ह्याला म्हणतात योग."

"त्यात गोरा," देवदत्त म्हणाला.

"ते आपण बघत नाही," मनोहरकाका म्हणाले. "पण फोटो छान येतात."

सोहळ्याच्या आधीच्या सोमवारी, एक मेला, साऱ्या अमेरिकेत बाहेरून आलेले मजूर कामं टाकून रस्त्यावर उतरले होते, आम्हालाही इथं राहू द्या म्हणत. हॉल झाडणारी मंडळी मोर्चाला गेली म्हणून तालमीआधी कमिटीलाच खुर्च्या पुसाव्या लागल्या. देवदत्त फडकं पिळत म्हणाला, "ह्यांना एकेकाला परत पाठवलं पाहिजे यार. आपण कसे लाइनीत उभं राहून आलो!"

आसावरी तिथंच खुर्च्या मांडत होती. तिच्या डोक्यात पोवाड्याची पहिली ओळ घोळत होती आणि दुसरी येत नव्हती. ब्रिवाल ह्या माणसाबद्दल कच्चा मालच नव्हता. शेवटी तिनं फ्रान्समध्ये लियोंला राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, कांचनला, फोन लावला. कांचन तिथं बारा वर्षं होती.

"ताई, परत बोल. कुणाचा पोवाडा?"

"गास्ताँ ब्रिवाल. अगं, आमचे प्रमुख पाहुणे आहेत शनिवारी."

पलीकडं कांचन इतकी हसली की तिच्या नवऱ्यानं धावत येऊन "काय झालं?" विचारलेलं फोनवर ऐकू आलं.

"ताई, तुम्ही लोकांनी उंदरांच्या लग्नाला मांजराला मामा म्हणून बोलावलंय."

आणि मग तिनं साहेबांचं चरित्र सांगितलं. तरुणपणी साहेब दारोदार ज्ञानकोश विकत. ज्यांना वाचता येत नाही अशांच्या दारी जास्त विकत, कारण ते पानं चाळून बघत नसत. ते लोक बहुतेक आफ्रिकेतनं आलेले. पुढं भाषणांत साहेब सांगू लागले, की मी ह्यांच्या घरात जाऊन आलोय, मला विचारा हे कसे राहतात! तिथनं राजकारण. पक्ष काढला, पुतण्याला पुढं आणला, पुतण्यानं पक्ष फोडला.

"म्हणजे अगदी आपल्यासारखंच की," आसावरी म्हणाली.

"थांब ना. मग एका गावचा महापौर झाला. तिथं बाळ झालं की नगरपालिका कपडे, दुपटं वगैरे पाठवायची. ह्यानं काय केलं? फक्त 'आपल्या' बाळांना. नर्स पाळण्यात वाकून आधी आडनाव बघायची, मग दुपटं द्यायची. शाळेत जेवणाला डुक्कर. खायचं तर खा, नाहीतर पाणी पी. आणि ताई, मजा म्हणजे ह्याचा स्वतःचा आजा इटलीहून सुऱ्यांना धार लावत आलेला. ब्रिवालो. ह्यानं शेवटचा ओ कापून टाकला."

"आणि तो हे लपवतो?"

"छे! छाती काढून सांगतो. म्हणतो, माझा आजा वेगळा. तो रीतसर आला."

आसावरीच्या डोळ्यांसमोर फडकं पिळणारा देवदत्त आला. "एखादी तरी चांगली गोष्ट सांग गं त्याची. एक. मी दहा करते."

कांचन खरंच विचार करत राहिली. "आवाज चांगला आहे," ती म्हणाली. "आणि मांजरं पाळतो. पण तीही फ्रेंच जातीची."

फोन ठेवून आसावरी बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. जात्यावर बसलेल्या बाईला दळण सरलं तरी ओवी सरत नाही, तसं झालं होतं. ते पाळणे डोळ्यांपुढून जाईनात. नर्स वाकते, आडनाव बघते, दुपटं उचलते, पुढच्या पाळण्याकडं जाते. मागं राहिलेलं बाळ मुठी चोखत पडतं. त्याला काय ठाऊक आपलं आडनाव चुकलंय!

अंगणी पाळणा, पाळण्याला गं चार दोऱ्या
निजलं लेकरू, त्याच्या दुपट्याच्या चोऱ्या
वारा विचारीना, कुण्या गावचा गं पोऱ्या
आणि माणूस विचारतो.

शशिकांत घरी आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसता बसता उभाच राहिला.

"आता काही होणार नाही आसावरी. लुसियाँनं सगळ्यांना सांगितलंय. ब्रिवालसाहेबांना पुढच्या वर्षी निवडणूक लढवायचीय, त्यांना आपल्याबरोबर फोटो हवाय. म्हणजे लोकांना दाखवायला, की मी परक्यांच्या विरुद्ध नाही."

"आणि आपण तो द्यायचा."

"फोटोच आहे. किडनी नाही."

"अहो, ओळख मी करून द्यायचीय."

"मग गोड काहीतरी गा ना! सूर्य, चंद्र, सिंह. त्याला मराठी कुठं कळतंय?" तो खाली बसला आणि आवाज उतरला. "हे बघ, सतरा जणांतले पाच राहणार आहेत. मी रोज मान खाली घालून जातो, मान खाली घालून येतो. तुझ्या बालवाडीसाठीच ना? एक दिवस तूही घाल."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते लागलं. आसावरीनं दोन दिवस सूर्य-चंद्र जुळवले. सिंहाला आयाळ लावली. पण ओळ हातात घेतली की हलकी लागे, फोलपटासारखी. विहीरच खणलेली नव्हती. शुक्रवारी भाजी चिरताना तिच्या लक्षात आलं, की शून्य कुठं आहे? ह्या माणसानं केलंय की! भरपूर केलंय. जे केलंय तेच गायचं. वाईट म्हणायचं नाही, चांगलं म्हणायचं नाही. पराक्रम म्हणून गायचा. हॉलमधल्या आपल्या माणसांना कळेल आपण कुणाला फेटा बांधतोय, आणि साहेबाला कळणार नाही. शशिकांतची नोकरीही राहील आणि डफही हातात राहील. तिचा हिशोब असा होता, आणि त्यात एक माणूस धरायचा राहिला होता.

शनिवारी हॉल गच्च भरला. ब्रिवालसाहेब आले ते पाहून बायकाही म्हणाल्या, काय रुबाब आहे! उंच, पांढरे केस मागे वळवलेले, आवाज खरंच देवळातल्या घंटेसारखा. फेटा बांधून घेताना लहान मुलासारखे मान स्थिर धरून बसले. फोटोवाला बरोबर आणला होता. त्यानं साहेबांना नऊवारीतल्या बायकांच्या मधोमध उभं केलं, सावळ्यातल्या सावळ्या मुली पुढं घेतल्या आणि गोऱ्या कोकणस्थ बायकांना हातानंच बाजूला व्हा म्हटलं. त्या बिचाऱ्या जन्मात पहिल्यांदा गोरेपणापायी मागं सरल्या.

मग पडदा सरकला. आसावरी डफ घेऊन पुढं आली. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या एका हाताला लुसियाँ, दुसऱ्या हाताला मनोहरकाका. शशिकांत भिंतीला टेकून उभा होता. तिनं थाप मारली.

ऐका मंडळी कान देउनी पाव्हण्याची कीर्ती जी
दक्षिण फ्रान्सच्या दर्याकाठची ही मर्दाची मूर्ती जी
दारोदार तो फिरला तरणा, पुस्तकं घेउन काखेला
ज्यांनी ज्यांनी दार उघडलं, कडी त्यांच्याच घराला
जी जी रं जी!

हॉलनं "जी जी" उचललं. टाळ्या ठेक्यात पडू लागल्या. आणि तेवढ्यात लुसियाँ पुढं वाकून मनोहरकाकांना म्हणाला, "प्लीज, ती काय गातेय सांगाल? मी त्यांना फ्रेंचमध्ये सांगतो."

आसावरीनं ते पाहिलं. दुभाष्या! हाच तो माणूस, हिशोबात न धरलेला. डफ थांबवता येत नव्हता. पोवाडा उताराला लागलेल्या गाडीसारखा असतो. तिनं शशिकांतकडं बघितलं. त्याचा चेहरा भिंतीइतकाच पांढरा झाला होता. क्षणभर तिला वाटलं, सिंह आणावा, सूर्य आणावा. जिभेवर आलेही ते. पण तिथं आधीच तो पाळणा होता.

गावाचं त्याला राज्य मिळालं, पहिला हुकूम काढला जी
पाळण्यामधल्या लेकरांचा कुळवृत्तान्त ताडला जी
आपल्या पोरा झबलं-टोपडं, परकी उघडी गेली जी
इवल्या इवल्या मुठी मोजुनी आपली-परकी केली जी

बायकांच्या रांगेत टाळ्या चुकल्या. कुणीतरी कुणाकडं तरी पाहिलं. पण मागून पुरुषांचं "जी जी रं जी" आलं, दणकट, खुशीत, आणि ठेका पुन्हा जुळला.

मनोहरकाकांच्या कपाळावर घाम आला. ते आयुष्यभर मीटिंगांत बसलेले. कुठला शब्द गिळायचा ते त्यांना शिकवायला नको होतं. ते लुसियाँच्या कानाशी लागून इंग्रजीत म्हणाले, "ती... ती गावाकडची आठवण गातेय. तिच्या गावी एक पाळणा आहे. मातृभूमीचा."

आजा त्याचा कोण कुठला, इटलीहून आला जी
सुऱ्यांना धार लावत लावत फ्रेंच होउन गेला जी
आज्यामागं नातू शिरला, नातवानं लावली कडी जी
माडीवरती चढून बसला, वर ओढली शिडी जी

"आता आजोबा आलेत," मनोहरकाका घाम पुसत म्हणाले. "तिचे. वाट बघतायत. ती म्हणते, शिडी असती तर चढून घरी गेले असते."

लुसियाँनं ते फ्रेंचमध्ये घातलं, आणि फ्रेंचमध्ये गेल्यावर ते आणखीच सुंदर झालं असावं. कारण साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

अशा वीराला फेटा बांधू, शाल न् श्रीफळ देऊ जी
आपणही तर पाव्हणे इथले, पाव्हण्याचे गुण गाऊ जी
जी जी रं जी!

शेवटची थाप पडली आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. लोक उभे राहिले. आसावरी धापा टाकत उभी होती, आता शिव्या येतील, आता कुणी विचारेल. देवदत्त मंचावर धावत आला. "काय ठसका! काय ठसका! अंगावर काटा आला!"

"देवदत्त, तू शब्द ऐकलेस?"

"शब्द? अहो एनर्जी! आणि ते बाहेरच्यांना हाकलतो वगैरे, एकदम करेक्ट. कुणीतरी बोलायला हवंच ना!"

ब्रिवालसाहेब मंचावर चढले. आसावरीचा हात दोन्ही हातांत घेतला, ओठांना लावला. मग माइकवर तो घंटेसारखा आवाज घुमला आणि मागून लुसियाँ इंग्रजीत सांगत गेला. "प्रत्येक झाडानं आपल्याच मातीत उभं राहावं." टाळ्या. "माणसाला आपल्या पूर्वजांच्या भूमीपासून तोडणं, यासारखं पाप नाही." टाळ्या, शिट्या. "माझं भांडण तुमच्याशी कधीच नव्हतं. तुम्ही तुमचं जपता. फक्त ते आपापल्या घरी जपावं, एवढंच मी तीस वर्षं सांगतोय." सर्वांत मोठ्या टाळ्या ह्या वाक्याला पडल्या. मनोहरकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं. महाराष्ट्र दिनाचं भाषण असंच असावं, असं जेवणाच्या रांगेत जो तो म्हणत होता, आणि श्रीखंड संपत आलंय का ते टाचा उंचावून बघत होता.

घरी जाताना गाडीत शशिकांत म्हणाला, "काकांनी वाचवलं. मी मेलो होतो." जरा वेळानं म्हणाला, "चांगलं झालं होतं पण. पाळण्याचं." आसावरीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मागच्या सीटवर आठ वर्षांची निधी म्हणाली, "मॉम, व्हाय वॉज दॅट मॅन क्राइंग?"

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. शशिकांत दुपारीच घरी आला, बूट न काढता स्वयंपाकघरापर्यंत चालत आला.

"नोकरी राहिली," तो म्हणाला.

आसावरीच्या हातातलं लाटणं खाली आलं. "मग तोंड असं का?"

"बढती पण दिलीय. डिझाइनचा प्रमुख." त्यानं खुर्ची ओढली. "पुण्याला. सगळं डिझाइन पुण्याला हलवतायत. लुसियाँनं हात हातात घेऊन सांगितलं. ब्रिवाल विमानतळावर जाईपर्यंत तेच बोलत होता म्हणे. की मी आयुष्यात इतकं दुःख ऐकलं नाही, त्या बाईला घरी पाठव. तिला आणि तिच्या लोकांना. लुसियाँला वाटतंय त्यानं आपल्यावर उपकार केलेत. डोळे भरून आले होते त्याचे. मी काय बोलणार? थँक यू म्हणालो."

"आणि फाइल?"

"इथल्या नोकरीची होती ती. गेली."

तव्यावरची पोळी करपली. निधी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बट आय'म फ्रॉम नोव्हाय," आणि तिच्या खोलीचं दार, बापानं डिझाइन न केलेलं, धाडकन लागलं.

बालवाडीच्या बाईंना सांगायला आसावरी स्वतः गेली. त्या म्हणाल्या, "पण तू तर घरी चाललीस! हाऊ लव्हली!" तिनं मान हलवली. कुंपणाच्या आत पोरं चिखलाचे केक थापत होती. एकानं वर बघून तिला एक केक दिला. तिनं तो खाल्ल्यासारखं केलं आणि घरी येईपर्यंत हात धुतला नाही.

बातमी मंडळात फिरली. जो भेटेल तो म्हणे, "लकी आहात! मायभूमीत चाललात!" असं म्हणताना प्रत्येकाचा आवाज थोडा चोरटा व्हायचा, जणू आजाऱ्याला 'चेहरा बरा दिसतोय' म्हणावं.

पुढच्या रविवारी मनोहरकाका आले. चहा पुढं आला तरी कपाला हात लावेनात.

"आसावरी, माझ्यामुळं झालं गं. मला ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही. मातृभूमी, आठवण, पाळणा... आपल्याकडं तेच तोंडात येतं ना."

"तुम्ही वाचवायलाच गेलात काका."

"शिव्या दे. मला बरं वाटेल."

तिनं जरा विचार केला. "खरं सांगू? तुम्ही खोटं नाही बोललात. नऊ वर्षं मी त्या हॉलमध्ये दुसरं काय गातेय? माहेर, माती, वेशीवरचं झाड. गायले की सगळे रडायचे, डोळे पुसायचे आणि उठून बटाटेवडे घ्यायला जायचे. मीसुद्धा. इतक्या वर्षांत एकच माणूस निघाला, ज्यानं ते गाणं खरं धरलं."

मनोहरकाकांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "निरोपसमारंभ ठरवलाय कमिटीनं. लोकांची इच्छा आहे तूच गावंस. तेच, माहेरचं."

"गाते की. भाषांतर मात्र मी करणार."

काका हसले. तिला बरं वाटलं. तिनं चिवड्याची बशी पुढं सरकवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "काका, तुमचंही नाव सुचवू का? साहेबांचा शब्द चालतो तिथं. पस्तीस वर्षं झाली तुम्हाला, तुमची ओढ तर माझ्याहून मोठी."

काकांचा हात बशीवर थांबला. "अगं, माझा गुडघा... इथले डॉक्टर सगळे ओळखीचे झालेत. आणि पुण्यात आता धूळ किती!"

"मग देवदत्तचं सुचवते. तो तर पुण्याचाच."

"त्याचं बेसमेंट अर्धवट आहे गं. कसा जाईल?"

"आणि उल्हास?"

"त्याचे पेशंट!" काका कळवळून म्हणाले. "असं कसं कुणाला मुळासकट उपटून..." आणि तिथंच वाक्य सोडून ते खिडकीतून बाहेर बघू लागले. बाहेर रस्त्यावर शेजाऱ्याचा नातू सायकल शिकत होता, पडत होता, पुन्हा चढत होता. अचानक काका फार म्हातारे दिसले.

आसावरीला त्यांची दया आली. तिनं किटली उचलून त्यांच्या कपात गरम चहा ओतला.

"घ्या काका, सावकाश घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला कोण घालवतंय?"